नेमकी तहान

इंग्रजीच्या तासाला धडा वाचायचा तो एकेकीने एकेक वाक्य, बाकांच्या ओळीने. नंबर जवळ आला की घागरीला बरेचदा नेमकी तहान लागायची. 'घागर' हे नावही वर्गाने त्यावरूनच ठेवलेलं. ती पाणी प्यायला गेली की तिच्या वाटणीचं वाक्य मागच्या बाकावरची तिची मैत्रीण वाचायची.

काल बाईंचं डोकं फिरलं.

"वाचायचं म्हटलं की बरा घसा कोरडा पडतो गं तुझा? जागची हलू नकोस. वाच."

घागरीने घडाघडा वाचलं. वाक्य होतं चारच शब्दांचं. त्यापुढचं चांगलं तीन ओळींचं वाक्य मैत्रिणीच्या वाट्याला आलं आणि पहिल्याच शब्दाला तिची जीभ अडली ती अडलीच. वर्ग खुसुखुसु हसला. घागर तेवढी हसली नाही. ती बाईंकडे बघत राहिली.

आज वाचन घागरीच्या बाकाकडे सरकायला लागलं, तसं बाईंनी पुस्तकावरून बोट पुढे नेत कुणाला कुठलं वाक्य येणार ते मोजलं. घागरीच्या मैत्रिणीला पुन्हा लांबलचक वाक्य येत होतं. घागर मान खाली घालून बसली होती.

"काय गं," बाई म्हणाल्या, "आज पाणी नाही का प्यायचं?"