तिरकी घडी

बारावा कागद फुकट गेला, तेव्हा मामांनी चाकावर वाकलेली मान वर न करता विचारलं, “अजून किती नासणार आहेस?”

“बाबांसारखी घडी येत नाही,” ती म्हणाली.

“कशी येईल? मालकांचं बोट वाकडं होतं. तुझं चांगलं सरळ आहे.”

मामा बाबांचे जुने कारागीर, चाळीस वर्षं या खोलीत हिरे घासत होते. बाबांचं बोट चाकात सापडलं, त्या दिवशीही ते शेजारीच होते. तेव्हापासून बाबांनी बांधलेल्या हिऱ्याच्या कागदी पुडीची शेवटची घडी तिरकी पडायची आणि बाजारात ती लांबूनही ओळखू यायची. माणसाचं बोट तेवढं वाकडं, लोक म्हणायचे, बाकी काही नाही.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. टेबलावर त्यांनी बांधलेली शेवटची पुडी होती. आतला हिरा त्यांनी आपल्या जुन्या व्यापारी मित्राला कबूल केला होता आणि ते काका आज दुपारी न्यायला येणार होते. हिरा काकांचाच होता. तिला कागद हवा होता.

तेराव्या कागदावर तिने पट्टी ठेवून घडीचा कोन आखला. बाबांची पुडी उघडली, हिरा चिमट्याने उचलून नव्या कागदात ठेवला, तिरकी घडी घातली. कागदावर लिहायचं हिऱ्याचं वजनही बाबांच्या अक्षरासारखं गिरवलं. जुना कागद होता तसा मिटून खणात ठेवला. मामा बघत होते. त्यांनी पुढचा हिरा चाकाला लावला.

काका आले. बाबांच्या खुर्चीकडे न बघता समोर बसले.

“आई जेवते का नीट?”

“जेवते. मी ताट घेऊन बसले तर.”

“बस मग.” टेबलाकडे बघत ते म्हणाले, “तीस वर्षं इथून माल नेला, पण या टेबलावर एकदाही पुडी उघडली नाही. उघडली असती तर तुझ्या बाबांनी चहा बंद केला असता.”

तिला हसू आलं. हसतच तिने पुडी पुढे केली.

काकांनी ती घेतली, खिशाकडे नेली आणि हात मध्येच थांबला. त्यांचा अंगठा शेवटच्या घडीवरून एकदा फिरला, पुन्हा फिरला. त्यांनी पुडी टेबलावर ठेवली आणि खिशातून भिंग काढलं.

मामांनी चाक बंद केलं.

काकांनी पुडी उघडली. हिरा खिडकीच्या उजेडात धरून सावकाश फिरवला. त्यांचं भिंग तिने आजवर पाहिलंच नव्हतं. कडेची चांदी झिजून काळी पडली होती.

“तोच आहे,” ते म्हणाले.

तिची मान खाली गेली.

“त्यांची घडी तिरकी पडायची, पोरी. ही तिरकी पाडलीय.”

“मला त्यांचा कागद ठेवायचा होता,” ती म्हणाली. “एवढा एकच उरला होता.”

“मग मागायचास की.” काकांनी भिंग पुसलं, बराच वेळ पुसलं. “माझ्या कपाटात सात आहेत. सगळे रिकामे. बायको म्हणते, रद्दीत घाला.”

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

“तुझी घाल.”

“सरळ येईल.”

“येऊ दे.”

तिने हिरा ठेवला, घडी घातली, आपल्या अक्षरात वजन लिहिलं. काकांनी पुडी खिशात टाकली आणि चहा मागितला.

ते गेल्यावर चाक पुन्हा सुरू झालं. तिने खण उघडला. बाबांच्या कागदाची तिरकी कड किंचित वर आली होती. तिने अंगठ्याने दाबली. ती पुन्हा वर आली. आत काहीच नव्हतं. वर बाबांच्या अक्षरात वजन तसंच होतं.