हैबतींचं सोंग

"बटण चुकलं, आजोबा. परत काढते."

"काढ नि लाव परत. मला कुठं जमतंय गो?"

सेजल जीभ दातांत धरून हैबतींच्या सदऱ्याशी झटत होती. चुलीपाशी बसलेल्या अक्षदाने हसू दाबलं. तिचा बाप कसलेला नट होता.

नऊ वर्षांची सेजल बोलण्यात कुणाला हार जायची नाही. बोटं तेवढी तिचं ऐकत नसत. पेन्सिल निसटायची, घास सांडायचा. मुंबईच्या शाळेने हात टेकले, तेव्हा नवऱ्याला, सुनीलला, तिथेच ठेवून अक्षदा लेकीसह पोलादपूरजवळ माहेरी आली. हा आळस नव्हे, हातांच्या समन्वयाची अडचण आहे, असं महाडच्या थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं. हैबतींना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "नुसत्या व्यायामाला कंटाळेल. तिच्यावाचून तुमचं अडतंय असं दाखवा."

"येवढंच ना?" हैबती म्हणाले. शिमग्याच्या सोंगांत त्यांचा हात कुणी धरत नसे.

तेव्हापासून त्यांचं सगळंच अडू लागलं. सुई सेजलने ओवायची, भिजवलेले वाल सेजलने सोलायचे, पाकिटातली गोळी सेजलने काढायची. कधी ते उलट्या चपला घालून निघत, कधी चहाचा कप पाटाच्या कडेवर ठेवून सांडत.

"किती वेंधळे हो तुम्ही," सेजल म्हणायची.

"म्हनून तर तुला ठेवलीय."

शेजारच्या सुंदराबाई पोट धरून हसत. "म्हाताऱ्यानं सोंग लय झ्याक वठवलंय गो."

नातीसाठी बाप एवढं करतोय, हे उपकार फेडायचे कसे, ते अक्षदाला कळत नसे.

दिवाळीनंतर मॅडमनी सेजलकडून पानभर लिहून घेतलं, कात्रीने चांदणी कापून घेतली. "आता खुशाल मुंबईला न्या," त्या म्हणाल्या. अक्षदाने तिथूनच फोन लावला. सुनीलचा आवाज ओला झाला. "शनिवारी न्यायला येतो," एवढंच तो बोलला.

गावात उतरताच सेजल चांदणी दाखवायला सुंदराबाईंकडे पळाली. हैबती अंगणात उन्हाला बसले होते. अक्षदाने चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर उभं राहून हात जोडले.

चाहूल लागली तशी हैबतींनी मान वर केली, थेट तिच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "कोन हाय?"