वीस सेकंद

आमच्या मेट्रोला ड्रायव्हर न्हाई. दार किती वेळ उघडं ठेवायचं, ते डिझाइनमध्ये मीच बसवलं. वीस सेकंद. पहिल्या दिवशी जाफराबादवरून आई-बाबांना बोलावल्तं. बाबा आत चढले. आई नव्या गाडीच्या पाया पडायला दाराबाहेरच वाकली, हात कपाळाला लावला, तेवढ्यात दार लागलं. गाडी सुटली.

एसटीत वरडावं तसं वरडत बाबा पुढच्या काचेकडं पळाले, "ओ ड्रायव्हर सायेब, थांबवा! आमचं माणूस खाली राह्यलं!"

सगळा डबा हसला. माझ्या बाजूला आमचे सर उभे होते. म्हणले, "कुठून येतात रे ही लोकं?"

"काय माहीत, सर."

बाबांनी वळून माझ्याकडं पाह्यलं, अन् वरडायचं बंद केलं.