हिरवा ठिपका

मिसळीचा रस्सा आणखी मागायला निनादने हात वर केला आणि तो तसाच राहिला. मनगटावरच्या पट्टीतला हिरवा ठिपका विझला होता. मेली चार्ज करायचीच राहिली! म्हणजे पोट सपाट आणि खांदे रुंद दाखवणारं प्रकाशाचं आवरण गेलं होतं, तेही पहिल्याच भेटीत. त्याने पोट आत ओढलं आणि तो टेबलाला चिकटून बसला.

"काय रे, काय झालं?" समोरून शर्वाणीने विचारलं.

"माझं आवरण... कधी गेलं?"

ती पापड मोडायची थांबली. "म्हणजे तू मुद्दाम बंद केलं नव्हतंस? अरे, आलास तोच असा आलास. शर्टाची बटणं ताणलेली, आणि तू आपला बिनधास्त. मला इतकं बरं वाटलं, की हात धुवायला गेले तेव्हा मीही माझी पट्टी काढून पर्समध्ये टाकली."

निनादने पाहिलं. तिचं मनगट मोकळं होतं. हात धुऊन येऊन तिला चांगला अर्धा तास झाला होता.

"तुला कळलंच नाही?" तिचा आवाज बारीक झाला. "मग आता नीट बघ आणि सांग, काय बदललंय."

गालांवर मुरमांचे जुने खड्डे होते. पण त्याला आठवलं ते वेगळंच.

"मघाशी तू हसताना तोंडावर हात धरत होतीस," तो म्हणाला. "आता धरत नाहीस."

शर्वाणीचा हात सवयीने वर निघाला आणि अर्ध्या वाटेतून पापडाकडे वळला. निनादने पोट सैल सोडलं आणि आणखी दोन पाव सांगितले.