एकोणचाळीस आणि एक

"दात घासतेस काय यंत्राचे?" म्हाताऱ्या कार्सिदीनं सुनेला टोमणा मारला.

जुन्या टूथब्रशनं तुमिनीनं ड्रिलखालच्या व्हाइसच्या जबड्यातला पितळी कीस झाडला, नवी पट्टी सरकवली, आवळली. व्हाइसच्या कडेला तिनं पोलादी ठोकळा पक्का बसवला होता. पट्टी त्याला टेकली की भोक नेमक्या जागी पडायचं. आखायला नको, मोजायला नको. मध्ये किसाचा कण राहिला, तर मात्र सगळी मेहनत पाण्यात.

दारात हाजी सुबखान टेम्पो लावून बसला होता, हे ड्रिल मशीन न्यायला. मुलगा जहाजावर गेल्यावर कार्सिदीनं ते विकायला काढलं होतं. सून अडून बसली, तेव्हा सासऱ्यानं अट घातली: दुपारच्या अजानच्या आत होडीच्या इंजिनाच्या चाळीस पट्ट्या, सगळ्या एकसारख्या. एक जरी फसली, तरी मशीन टेम्पोत. पहिला नग घरातल्या वडीलधाऱ्यानं करायचा, ही त्यांच्या गल्लीची रीत. तेवढा एक त्यानं सकाळीच आपल्या पद्धतीनं, रेघ आखून, करून दिला होता. बाकी एकोणचाळीस तिचे.

शेवटची पट्टी थाळीत पडली आणि मशिदीचा भोंगा खरखरला.

कार्सिदीनं तपासणीची दोन खिळ्यांची फळी पुढे ओढली. पट्टीची दोन्ही भोकं खिळ्यांवर बसली की नग पास. टक. टक. थाळीत मिसळलेल्या पट्ट्या एकेक करून बसत गेल्या. सदतिसावी अडली. त्यानं दाबून पाहिली. नाहीच.

हाजी उठला. "मशीन बांधायला दोर आणू ना?"

"तरी सांगत होतो," कार्सिदी म्हणाला. "ठोकळ्याच्या भरवशावर कारागिरी होत नसते, पोरी. त्याला नजर हवी."

तुमिनीनं पट्टी उचलून उलटी केली. भोकाच्या कडेनं आखणीच्या सुईची बारीक रेघ गेली होती. तिच्या एकाही पट्टीला रेघ नव्हती. पण परक्या माणसासमोर हे सासऱ्याला कसं सांगायचं? रेघेची बाजू वर करून तिनं पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली.

"बापाक," सासऱ्याला वडील म्हणून हाक मारत ती म्हणाली, "जरा बघता?"

त्यानं पट्टी डोळ्यांजवळ नेली. लांब धरली. पुन्हा जवळ आणली. शेवटी अंगठ्याचं नख फिरवलं. नख रेघेत अडकलं.

"हाजी, टेम्पो रिकामाच न्या."

"का? एक फसलीय ना?"

"फसली ती माझी."

तो मशीनसमोरच्या स्टुलावर बसला. चाचपडत त्यानं टूथब्रश उचलला.

"ये पोरी, दाखव. आधी कुठून घासायचं?"