तिच्या वाटणीचा पाव

"गव्हाच्या त्रासासाठी जी तपासणी केली होती, ती नॉर्मल आली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वडिलांनी खुर्चीत पाठ टेकली. "मी काय सांगत होतो? नाटकं होती सगळी. एकदा चांगला दम भरला, तेव्हापासून पोटदुखीचं नाव नाही."

मुलगी आईच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तिनं फ्रॉकचं बटण तोंडात धरलं.

"आणि हा खालचा आकडा कसला?" वडिलांनी अहवालावर बोट ठेवलं.

"या तपासणीत रक्तातली जी प्रतिद्रव्यं मोजतात, ती काही मुलांचं शरीर मुळातच फार कमी बनवतं. मग वरचा आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून तेही तपासून घेतो. हिचं ठीक आहे." बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि थांबल्या. "वजन मात्र छान वाढलंय. खाण्यात काय बदललंत?"

"काही नाही. आमच्याकडे वेगळी चूल नसते. सगळे खातात तेच हिनं खायचं. सकाळी पाव, डब्यात पाव. माझ्या डोळ्यांदेखत ताटात पडतो."

"ताटातला पोटात जातो ना?"

"मग काय खिशात जातो?" वडील हसले.

डॉक्टरबाईही हसल्या आणि कागदाकडे वळल्या. आई पेनाच्या टोकाकडे बघत होती. 'आजार नाही' असं लिहून झालं की उद्या सकाळी ते स्वतः लेकीशेजारी बसणार. शेवटचा घास जाईपर्यंत उठणार नाहीत. आणि ती रडली, तर आता कागदही त्यांच्याच बाजूनं बोलणार.

"मी खाते," आई म्हणाली.

"काय खातेस?"

"तिच्या वाटणीचा पाव. तुम्ही आंघोळीला गेलात की ओट्याशी उभ्या उभ्या खाऊन टाकते. तिला भात देते. डब्यातही भातच असतो." ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती. "रक्त घेतलं त्याच्या कितीतरी आधीपासून. तुमच्या दमानं नाही थांबलं तिचं दुखणं."

"आणि मला पत्ता नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

वडिलांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, जणू त्यांनी आता हिला काहीतरी सुनवावं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"चोर घरात शिरलाच नाही तर कुत्रं भुंकेल कशाला? गहू पोटात जात असेल तरच रक्तात हा आकडा चढतो. या कागदावरून आजार आहे म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही."

"मग कळायचं कसं?"

"रोज पाव द्यायचा. काही आठवडे. मग पुन्हा रक्त."

"परत सुई?" मुलीनं कोपर पाठीमागे लपवलं.

"नाही जमायचं," आई म्हणाली. "दुखणार माहीत असताना? माझ्या हातानं?"

"जन्मभराचं पथ्य अंदाजानं लावता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि खरंच आजार असेल तर पथ्यात एका घासाचीही ढिलाई चालत नाही. फार त्रास झाला तर थांबवा आणि तडक माझ्याकडे या."

वडील म्हणाले, "मी देईन."

त्यांचा आवाज इतका हळू होता की आईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

खाली उपाहारगृहाच्या बाकावर ते तिघं बसले. वडिलांनी पाव आणला. कागद सोडवला. एक तुकडा तोडला, मग तो मोठा वाटला म्हणून त्याचेही दोन केले. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

मुलीनं लगेच हात पुढे केला नाही. तिनं आधी तुकड्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या तोंडाकडे.

"बाबा," ती म्हणाली, "आता दुखलं तर सांगितलेलं चालेल?"