दाराजवळची खुर्ची

शैलाताईंनी खुर्ची उचलली आणि थेट दाराजवळ नेऊन ठेवली. "मुलाखत देणारा पेशंट इथे बसेल."

"ती आमची जागा आहे," डॉक्टर म्हणाले. "कुणी मध्येच उठून गेलं तर?"

"आतापर्यंत आतल्या बाजूला बसलेल्या अकरा जणांनी काय सांगितलं? 'बरं आहे.' मी मनोरुग्णांच्या वॉर्डात पेशंट होते तेव्हा दार कायम दुसऱ्याच्या ताब्यात असायचं. मीही तेवढंच सांगायचे." ताईंनी खुर्चीवरचा हात काढला नाही. "मला या संशोधनात भागीदार म्हणून घेतलंय ना? मग खुर्ची इथेच राहील."

बारावी पेशंट, एक बाई, येऊन बसली आणि पहिल्याच प्रश्नाला उठली. तिला थांबवायला डॉक्टरही उठू लागले. शैलाताईंनी त्यांना नजरेनंच बसवलं.

बाईनं स्वतःच्या हातानं दार लोटून घेतलं, परत येऊन बसली आणि म्हणाली, "खरं सांगू?"